जुन्या विंडोजवर कोणता ब्राउझर ठेवावा

सोलापूर, रविवार, रात्री

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांत विंडोज ७ अजून रोज सुरू होते, त्याला कारणं आहेत. चादरीचं डिझाइन काढणारं जुनं सॉफ्टवेअर, जकार्ड मागासाठी नक्षीची कार्डं छिद्रणारं पंचिंग यंत्र, पॅरलल पोर्टला लावलेला डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली), यांचे ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळत नाहीत. आडतीच्या दुकानात कारण वेगळं असतं. तिथं कित्येक वर्षांच्या फाइली बिगर-युनिकोड मराठी फॉन्टात अडकलेल्या असतात. त्यामुळे ‘संगणकच बदला’ हा सल्ला मला उद्धट वाटतो. पण त्याच संगणकावर ई-वे बिल काढायचं आणि मेल बघायची असेल, तर ब्राउझर विचार करूनच निवडायला हवा.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबवली. या विंडोजवर क्रोम १०९ पर्यंतच पोचला. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून त्याला विंडोज १० लागते. तो १०९ आजही उघडतो, बरीचशी पानं दाखवतो, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. पण त्यानंतर क्रोममध्ये सापडलेली भोकं नव्या आवृत्त्यांत बुजवली गेली आणि या संगणकावर तशीच राहिली.

म्हणून वेगाआधी विचारायचं ते हे: शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी आली आणि ती कोण करतंय? मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या, ब्राउझरमध्ये हे उघड्यावर तपासता येतं. प्रकाशनाच्या तारखा आणि कोडमधले बदल, दोन्ही कुणालाही वाचता येतात.

विंडोज ७ साठी माझी पहिली पसंती फायरफॉक्स ११५ ईएसआर. मूळ ११५ जुलै २०२३ चा. ईएसआर म्हणजे दीर्घ आधाराची शाखा: नव्या सोयी येत नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. तिची मुदत आधी सप्टेंबर २०२४ पर्यंत होती, मोझिलाने ती पुढे वाढवत नेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जाणारी एक गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा दुरुस्ती ताज्या १३१ बरोबरच ११५.१६.१ मध्येही आली. आधार म्हणतात तो हा. शाखा कायमची नाही. मोझिलाच्या प्रकाशन-वेळापत्रकात मुदत अधूनमधून बघावी. आणि आवृत्ती ११५.१३ च्या खाली असेल तर आजच अपडेट करावी. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र (खरेपणा पटवणारा डिजिटल दाखला) संपलं, आणि ११५.१३ खालच्या आवृत्त्यांत ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पूरक सॉफ्टवेअर, बंद पडतात.

फायरफॉक्सचा आणखी एक फायदा जुन्या विंडोजवरच कळतो. संकेतस्थळ खरं आहे हे ज्यावरून ठरतं त्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी तो स्वतःबरोबर आणतो. विंडोजच्या यादीवर विसंबणारे जुने ब्राउझर, ती यादी ताजी झालेली नसेल, तर चांगल्या संकेतस्थळालाही ‘असुरक्षित’ म्हणतात. संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची साखळी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांवर हाच घोळ झाला. मात्र प्रत्येकच संकेतस्थळ प्रमाणपत्राची चूक दाखवू लागलं, तर ब्राउझरला हात लावण्याआधी घड्याळ बघा. वीज गेली की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षावर जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदला. सोलापुरातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत तापणाऱ्या जुन्या यंत्रांत ही आधी तपासलेली बरी.

बसवताना आधी सर्व्हिस पॅक १ आहे का पाहावं. मग मायक्रोसॉफ्टचे केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट याच क्रमाने घालावेत. त्यांच्याशिवाय विंडोज ७ ला फाइलींवरच्या एसएचए-२ पद्धतीच्या डिजिटल सह्या नीट ओळखता येत नाहीत. नंतर मोझिलाच्याच संकेतस्थळावरून ईएसआरचा पूर्ण इन्स्टॉलर. विंडोज ३२-बिट असेल तर ३२-बिट, ६४-बिट असून रॅम ४ जीबी असेल तर ६४-बिट. पेनड्राइव्हवरून फाइल आणली असेल तर विंडोजमधल्याच सर्टयूटिल या आज्ञेने तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीचा जणू बोटाचा ठसा) काढून मोझिलाने दिलेल्या आकड्याशी ताडावा. फायरफॉक्सची जुनी प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे) असेल तर तिचं फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं.

चालू झाल्यावर पहिलं काम यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन. २ जीबी रॅमवर जाहिरातींचं ओझं कमी झालेलं लगेच जाणवतं. पानावर काळे चौकोन येत असतील किंवा ब्राउझर अचानक मिटत असेल, तर बहुधा जुना ग्राफिक्स ड्रायव्हर दोषी. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली शिफारशीची खूण काढून हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्रणाचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकणं) बंद करावं.

ईएसआर संपल्यावर काय? फायरफॉक्सच्या नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर जबरदस्तीने चालवून भागत नाही. नव्या कोडला विंडोजमधली अशी फंक्शन लागतात जी ७ मध्ये नाहीतच. त्यात ब्राउझरचा काही भाग ज्या रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे तिनेही मे २०२४ च्या १.७८ पासून विंडोज १० ही किमान अट केली. त्यामुळे जुन्या विंडोजसाठी बांधणी करणाऱ्यांना आधी हत्यारंच दुरुस्त करावी लागतात. आर३डीफॉक्स हे काम फायरफॉक्सच्या कोडवर करतो, सुपरमियम क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मुक्त स्रोत पायावर. सुपरमियम एक्सपीवरही चालतो. दोन्ही उपयोगी आहेत आणि त्यामागच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण हे मोजक्या माणसांचं काम आहे, मूळ प्रकल्पातली दुरुस्ती इथं यायला वेळ लागू शकतो. दोन महिने नवी आवृत्ती आली नाही तर मी त्यावर पासवर्ड टाकणार नाही.

पेल मून हा आणखी एक ब्राउझर विंडोज ७ वर चालतो, हलका आहे, सांभाळलाही जातो. त्याचं पान रेखाटणारं इंजिन गोआना वेगळं, त्यामुळे आधुनिक पोर्टलची बटणं कधी कधी दाबली जात नाहीत. शिवाय पानं वेगळ्या कोंडलेल्या प्रक्रियेत चालवायची सोय त्यात नाही. वाचनापुरता ठीक.

ब्राउझर कितीही ताजा असला तरी खालच्या विंडोजची भोकं तो बुजवत नाही. म्हणून बँकेचं काम या संगणकावर नको. कोअर २ ड्युओ असेल तर प्रोसेसर ६४-बिटच असतो, जरी वर विंडोज ३२-बिट घातलेली असली. अशा संगणकावर ६४-बिट लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजीच्या फुकट प्रणालीचा, न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून त्यातल्या फायरफॉक्समध्ये बँक उघडता येते. डिझाइनच्या हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. सुरू करताना बूट मेनूत यूएसबी निवडायचा, मेनूत ‘इन्स्टॉल’ मात्र दाबायचं नाही. कार्ड पंचिंगचा संगणक वेगळा असेल, तर त्याची नेटवर्कची वायर काढून ठेवावी आणि डिझाइन त्याच कामासाठी राखलेल्या एका पेनड्राइव्हनेच न्यावं.