शेपटीला जायच्या आधी ड्रॅगनचं नाक बघा

बीजिंगला पोचल्यावर पहिल्याच दिवशी फॉरबिडन सिटी, म्हणजे बादशहांचा जुना राजवाडा गाठला, कारण मला नऊ ड्रॅगनची भिंत बघायची होती. त्या भागाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, पण काढाच. १७७२ साली चियेनलोंग बादशहाने बांधून घेतलेली ही भिंत, रंगीत चकाकत्या मातीचे २७० तुकडे जोडून केलेली, आणि पूर्वेकडून तिसरा जो पांढरा ड्रॅगन आहे ना त्याच्या पोटाशी नीट निरखून बघितलं तर एक तुकडा चक्क लाकडाचा दिसतो! म्हणे भाजलेला तुकडा फुटला आणि शिक्षेच्या भीतीने कारागिराने रातोरात लाकूड कोरून रंगवून बसवलं. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

पण खरा जीव अडकला तो दुसऱ्या दिवशी, तिआनमेन चौकाशेजारच्या नॅशनल म्युझियममध्ये. खाली प्राचीन चीनचं दालन आहे, तिथे काचेत जेड नावाच्या गडद हिरव्या दगडाचा एक ड्रॅगन ठेवलाय, इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला, उंची फक्त २६ सेंटीमीटर. १९७१ मध्ये इनर मंगोलियातल्या एका गावकऱ्याला सापडला, त्या भागातल्या अश्मयुगीन हाँगशान संस्कृतीचा, म्हणजे पाच हजार वर्षं तरी जुना. याला पाय नाहीत, शिंगं नाहीत, खवले नाहीत, नाक अगदी डुकरासारखं चपटं आणि मानेवरची आयाळ वाऱ्यावर उडाल्यासारखी मागे गेलेली. बादशहाचं चिन्ह असलेल्या पाच नखांच्या ड्रॅगनचा हा पूर्वज, विश्वासच बसेना.

वेन यिदुओ नावाच्या कवी-अभ्यासकाने १९४०च्या दशकात मांडलं होतं की वेगवेगळ्या टोळ्या एकत्र येत गेल्या तशी त्यांची कुलचिन्हंही सापाच्या अंगाला चिकटत गेली आणि त्यातून ड्रॅगन घडला. सगळ्यांना ते पटत नाही, पण मला लगेच आपलं देवक आठवलं, मोऱ्यांचं मोरपीस असतं ना तसं, प्रत्येक कुळाचं आपलं एक.

आणि हेनान प्रांतातल्या पुयांगची कबर तर त्या जेडच्या ड्रॅगनहून जुनी, १९८७ला सापडलेली, सहा हजार वर्षांपूर्वीची. सांगाड्याच्या पूर्वेला शिंपले मांडून केलेला ड्रॅगन, पश्चिमेला तसाच वाघ. पुढे चिनी लोकांनी दिशांचे प्राणी ठरवले त्यातही पूर्वेला निळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघच!

निघताना परत त्या जेडच्या काचेपाशी गेलो. पाठीवर एक बारीक भोक आहे. त्यातून दोरी ओवून टांगला की डोकं आणि शेपूट बरोब्बर एका पातळीत येतात म्हणे.