रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा

बुधवार, रात्री

आज पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी आतल्या खोलीत जाऊन रडले. काहीतरी सापडावं असं मला मनापासून वाटत होतं. नाव असलेलं काहीतरी. असं वाटल्याची लाजही वाटली.

आठ महिने झाले. दुखण्याची आता सवय झाली आहे, पण दुखेल की काय ही धास्ती काही जात नाही. कुठं निघायचं म्हटलं की पहिला विचार एकच, वाटेत संडास असेल ना? त्या विचारानंच पोटात गोळा येतो आणि थोड्या वेळात खरोखरीची कळ सुरू होते. मग मी जातच नाही. मैत्रिणीला वाटतं, मी तिला टाळते. पाय मोडला असता तर बिनदिक्कत सांगितलं असतं. जुलाबाचं कसं सांगू?

"टेन्शन घेऊ नकोस, मनाचे खेळ आहेत." हे ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पोटातल्या अल्सरचा दोषही कितीतरी वर्षं काळजी करण्याच्या स्वभावावर टाकला जायचा. १९८२मध्ये वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना पोटात एक जंतू सापडला, बहुतेक अल्सरचं खरं कारण तोच निघाला, २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी किती जणांनी स्वतःलाच दोष दिला असेल! माझ्या तपासणीत तो जंतूही निघाला नाही.

डॉक्टरांनी आज नीट समजावलं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले सुमारे ८० टक्के तंतू खालची खबर वर नेतात. म्हणजे मी घाबरते म्हणून पोट बिघडतं, तसंच पोट बिघडतं म्हणूनही मी घाबरते. हे आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ॲमिट्रिप्टिलीनची अगदी छोटी गोळी दिली आहे. नैराश्यावरचं औषध, कमी मात्रेत ते आतड्याच्या वेदना शमवतं. तरी गोळ्यांचं पाकीट मी उशीखाली लपवलं. चादर बदलताना ते आईच्या हाती लागलं. आतली चिठ्ठी वाचून ती घाबरली. मग मी सगळं सांगितलं, व्हेगससकट.

बराच वेळ ती पाकीट हातात धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुला खरंच दुखत होतं गं."

"हो आई. खरंच."