पाण्याचं टाकं कुठंय?

सकाळी आठ वाजता तुलूझच्या एका बसथांब्यावर आमच्या गाईडबाईंनी प्रत्येकाच्या गळ्यात एकेक यंत्र अडकवलं. काड्यापेटीहून जरा मोठं, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. माझा आवाज यातून येईल, म्हणाल्या, आणि खरखर सुरू झाली की समजायचं, आपण फार लांब गेलोय. मग हातातल्या मिटलेल्या पिवळ्या छत्रीने त्यांनी आम्हाला मोजलं. एकतीस. पुन्हा एकदा मोजलं. तेव्हाही एकतीसच भरल्यावर बस कार्कासोनच्या किल्ल्याच्या रस्त्याला लागली.

नवऱ्याने ते यंत्र गळ्यात घेतलं ते ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधावं तशा चेहऱ्याने. पंचवीस वर्षं सह्याद्रीत भटकलेला माणूस. त्याच्या लेखी किल्ल्यावर जाणं म्हणजे अंधारात निघायचं, धाप लागली पाहिजे, गुडघ्यांनी तक्रार केली पाहिजे, वर पोचल्यावर एखादं टाकं सापडलं पाहिजे आणि त्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का यावर दोघा-तिघांचं भांडण झालं पाहिजे. मऊ खुर्चीत बसून, पडदा सरकवून, गाईडच्या मागोमाग किल्ला बघायचा ही कल्पनाच त्याला पटत नव्हती. पण फ्रान्समध्ये आमच्या हाताशी तो एकच दिवस मोकळा होता आणि सहलीचे पैसे मी आधीच भरले होते.

तासाभराच्या अंतरावर, द्राक्षमळ्यांच्या पलीकडे तो दिसला, आणि बसमधली कुजबुज थांबली. लहान मुलाला ‘किल्ला काढ’ म्हटलं तर ते कागदावर जे काढेल, अगदी तेच समोर उभं होतं. एकात एक दोन तट, दोन्ही मिळून जवळजवळ तीन किलोमीटर. त्यांवर बावन्न बुरूज आणि बुरुजांच्या डोक्यांवर टोकदार टोप्या. माझ्या मागच्या सीटवरचा पोरगा आनंदाने ओरडला, कारण याच नावाचा, 2000 साली जर्मनीत निघालेला पटावरचा खेळ तो घरी खेळतो. खेळातलं गाव खरोखर आहे, याचा त्याला झालेला आनंद आमच्या सगळ्यांच्या आनंदाहून निखळ होता.

“चढ कुठाय?” नवऱ्याने विचारलं.

“बसने चढवला की.”

“म्हणजे भुईकोटच म्हणायचा. जरा टेकाडावरचा.”

तसं त्याचं फार चुकलं नव्हतं. आपल्या सोलापूरच्या किल्ल्यालाही असा दुहेरी तट आहे. फक्त तिथे आत माणसं राहत नाहीत. इथे आत एक अख्खं गाव आहे. गल्ल्या, चर्च, हॉटेलं, पोस्टाची पेटी, खिडकीत वाळत घातलेला एक निळा टॉवेल. मुक्कामाला राहणारी माणसं थोडीच, येणारी-जाणारी मात्र अफाट. गावात शिरायला तिकीट नाही. ते लागतं आतल्या बालेकिल्ल्याला आणि तटावर चढायला.

नार्बोन दरवाज्यापाशी छत्री थांबली. तिथे एका बाईचा दगडी अर्धपुतळा आहे, जरा ठोकळेबाज. मूळचा आत ठेवलाय, हा नक्कल. ही दाम कार्कास. गाईडबाईंनी आवाज खाली आणला आणि आम्ही एकतीस जण आपोआप दोन पावलं पुढे सरकलो.

शार्लमेन बादशहाने या किल्ल्याला वेढा घातला. आतला मुसलमान राजा मेलेला, कारभार त्याच्या बायकोच्या, कार्कासच्या हाती. पाच वर्षं वेढा चालला. माणसं मेली, म्हणून तिने गवताचे शिपाई करून तटावर उभे केले. शेवटी उरलं एक डुक्कर आणि एक पोतं गहू. बाईने तो सगळा गहू डुकराला खायला घातला आणि डुक्कर बुरुजावरून खाली फेकलं. ते फुटलं. पोटातून गहू सांडला. शार्लमेनला वाटलं, यांच्याकडे डुकरांना घालायलासुद्धा गहू आहे, आपण इथे म्हातारे होऊ. तो निघाला. तशा बाईने गावातल्या सगळ्या घंटा वाजवायला सांगितल्या. ‘कार्कास सोन’, कार्कास घंटा वाजवतेय. झालं गावाचं नाव.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुलावरून आत जाताना कानातला तोच आवाज म्हणाला, “आता खरं सांगते.” खरं असं, की रोमन काळातच या जागेला कार्कासो म्हणत. आणि शार्लमेन गादीवर यायच्या आधीच त्याच्या बापाने हा मुलूख मुसलमानांकडून घेतला होता. त्यामुळे वेढा नाही, कार्कासबाई नाही आणि डुक्करही नाही.

मला या बाई आवडल्या. आपल्याकडचे बरेच गाईड फक्त पहिला भाग सांगतात आणि काही विद्वान फक्त दुसरा. यांनी दोन्ही सांगितले, आणि त्याच क्रमाने सांगितले.

पण मी अडकले होते डुकरात. कारण ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, फक्त उलटी. शाळेची सहल देवगिरीला गेली होती तेव्हा तिथल्या गाईडने हातवारे करून सांगितलेली. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी आला, रामदेवराव किल्ल्यावर अडकला. पोत्यांच्या थप्प्या लावलेल्या, सगळे निश्चिंत. पोती उघडली तर धान्य नाही, मीठ! सपशेल शरणागती. तेव्हा आम्ही सगळ्या पोरी हळहळलो होतो आणि एकीने विचारलं होतं, आधी बोट बुडवून चाटून का नाही बघितलं? इथे पोतं एकच, पण ते शत्रूला भरल्या कोठारासारखं दिसलं. तिथे पोती ढीगभर, पण आत मीठ. दोन किल्ल्यांमध्ये हजारो मैल, आणि दोन्हीकडच्या गाईडना पोत्यात काय होतं याचीच पडलेली. मी हे नवऱ्याला सांगायला वळले, तर तो जागेवर नव्हता. तो छत्रीपर्यंत पोचला होता.

“एक्स्क्यूज मी,” तो म्हणत होता, “पाण्याचं टाकं कुठंय?”

टाक्याला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं यावर त्याची थोडी ओढाताण झाली. मग त्याने हातांनी खड्डा खणून दाखवला, दगड फोडून दाखवला, ओंजळीने पाणी प्यायला. गाईडबाईंनी छत्री खाली टेकवली. “मला रोज दोनच प्रश्न विचारतात,” म्हणाल्या, “टॉयलेट कुठे आणि जेवण कधी. पाणी कुठे, असं फार कमी लोक विचारतात.” आणि गटाची ठरलेली वाट सोडून त्या आम्हाला एका चौकात घेऊन गेल्या. तिथे एक मोठी जुनी विहीर आहे. गोल कठडा, त्यावर उभे खांब. कठड्याचा दगड हात लागून लागून साबणासारखा गुळगुळीत झालेला. नवऱ्याने त्यावर तळवा ठेवला तो पाच मिनिटं काढला नाही.

विहिरीपाशी त्यांनी 1209 सालची गोष्ट सांगितली. तिला टाळ्या पडल्या नाहीत. या भागात कॅथार नावाचा पंथ पसरला होता. पोपच्या लेखी ते पाखंडी. त्यांच्यावर उत्तरेकडून धर्मयुद्धाची फौज चालून आली, जुलैत तिने शेजारच्या बेझियेत कत्तल केली आणि ऑगस्ट उजाडताच ती इथे येऊन थडकली. गावचा धनी रेमाँ-रोजे त्रँकावेल, वय चोवीस. तट भक्कम. पण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं गुरंढोरं घेऊन आत आलेली आणि वर भर उन्हाळा. शत्रूने आधी ओद नदीची वाट तोडली. मग विहिरी आटत गेल्या. दोन आठवडे. पंधरा ऑगस्टच्या सुमारास गाव पडलं. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. त्रँकावेलला त्याच्याच वाड्यात कोंडलं आणि नोव्हेंबरात तो तिथेच मेला. मुलूख मिळाला त्या फौजेतल्याच एका सरदाराला, सिमाँ द माँफोरला.

गोष्टीतला वेढा पाच वर्षं टिकला, खरा पंधरा दिवस. गोष्टीत धान्य पुरलं, खऱ्यात पाणी पुरलं नाही. नवरा काहीच बोलला नाही. एरवी अशा वेळी तो ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणतो.

यानंतर मी जरा मागे राहिले. गळ्यातल्या यंत्राची खरी मजा मागे राहण्यातच आहे. दोन तटांच्या मधे रुंद गवताळ पट्टी आहे, तिथे मी एका दगडावर बसले. समोर एक माणूस छोट्या गाडीतून कांद्याच्या जाळ्या उतरवत होता आणि माझ्या कानात 1659 साल चालू होतं. त्या वर्षी स्पेनशी तह झाला, सरहद्द लांब पिरेनीजच्या डोंगरांवर गेली आणि किल्ल्याला एका कागदाने निवृत्त केलं. कांद्याची दुसरी जाळी. मग या पट्टीतच विणकरांनी, गरिबांनी तटाला टेकून खोपटी बांधली. ज्याला दगड हवा त्याने बुरुजाचा उचलावा. तिसरी जाळी फाटली, चार कांदे गडगडत आले, एक मी उचलून दिला. 1850 मध्ये सरकारने संरक्षणाच्या यादीतून किल्ल्याचं नाव काढलं, म्हणजे मोडीत काढायला मोकळीक. मग गावातलेच एक इतिहासप्रेमी गृहस्थ आणि लेखक मेरिमे यांनी बोंब मारली, सरकारने तो वाचवायचं ठरवलं आणि काम दिलं व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाला. खरखर. मी उठून छत्रीच्या दिशेने पळाले.

1853 पासून काम सुरू झालं. ल-द्युक 1879 मध्ये वारला तरी ते पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. खोपटी हटवली, ढासळलेले तट पुन्हा रचले, वाड्याच्या भिंतींवर युद्धकाळात असत तसले लाकडी सज्जे बांधले. सज्ज्याच्या फटीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो, कारण तिथून दगड सोडायची सोय आहे आणि आपल्याबरोबर आलेली माणसं नेमकी तिथेच फोटो काढत उभी असतात. पण भांडण झालं ते टोप्यांवरून. ल-द्युकने बुरुजांना उंच टोकदार छपरं घातली आणि ती काळ्या पाटीच्या दगडाने मढवली. टीकाकार म्हणाले, ही उत्तरेतल्या बर्फाळ मुलखाची छपरं, इथे दक्षिणेत बसकी कौलं हवीत. पुढे शंभरेक वर्षांनी रोमन पायाच्या काही बुरुजांवर लाल कौलंही घातली गेली. म्हणून आज तिथे उभं राहिलं की एका बाजूला काळी टोपी दिसते, दुसऱ्या बाजूला लाल, जणू सासर-माहेरची माणसं एकाच पंगतीत बसवलीत.

“म्हणजे मूळ काय मग?” कोणीतरी जरा फसवल्यासारखं विचारलं.

गाईडबाईंनी तटाच्या तळाकडे छत्री केली. खालच्या थरात ओबडधोबड चौकोनी दगड, मधूनच पातळ लाल विटांचा पट्टा. “ते रोमन. त्याच्या वर त्रँकावेलांचं. त्याच्या वर राजाचं. सगळ्यात वर ल-द्युकचं. छप्पर खोटं आहे, पण दीडशे वर्षांचं आहे. तुमच्यापैकी कोणी इतकं जुनं आहे का?”

रायगडावरचे उघडे चौथरे मला आठवले. तिथे वर काही उभं नाही, म्हणून आपण डोळे मिटून महाल बांधतो आणि प्रत्येकाचा वेगळा होतो. इथे एकाच माणसाने तो सगळ्यांच्या वतीने बांधून टाकलाय. मला त्या चौथऱ्यांचीच सवय असल्यामुळे असेल, पण वरच्या टोप्यांपेक्षा त्या विटांच्या पट्ट्याने मला जास्त धरून ठेवलं. नवऱ्याला मात्र सज्जे आवडले. “हे असं दिसत असेल हे कळलं तरी,” तो म्हणाला. एरवी तो जीर्णोद्धार म्हटलं की सिमेंटच्या नावाने खडे फोडतो.

जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पांढऱ्या घेवड्याची, बदकाची आणि सॉसेजची घट्ट उसळ मातीच्या भांड्यात आली, तिच्यावर खरपूस साय आल्यासारखा थर होता, आणि ती खाल्ल्यावर पुढचा वेढा आपण नक्की हरलो असतो. गल्ल्यांतून प्लास्टिकच्या तलवारी, लाकडी ढाली. मागच्या सीटवरच्या पोराने दोन्ही घेतल्या.

परतीची वेळ साडेचार. बसपाशी छत्री वर झाली, मोजणी झाली. तीस. पुन्हा तीस. मी शेजारची रिकामी सीट बघितली आणि काय झालं असेल ते कळलं. गाईडबाईंनी माईक तोंडाशी नेला आणि किल्ल्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, “विहिरीपाशी जे कोणी आहेत, त्यांनी कृपया बसकडे यावं.” तो एवढ्या लांबून ऐकेल का, हे त्यांनाही माहीत नसावं.

दहा मिनिटांनी तो उतरणीवरून आला. कानात बोंडूक तसंच.

“माझा आवाज आला?”

“नुसती खरखर,” तो म्हणाला.

“आणि पाणी? होतं का?”

“अंधार होता. दिसलं नाही.”

बाईंनी मान हलवली, छत्रीचं टोक त्याच्या खांद्याला लावलं आणि मोजलं, “एकतीस.”