लेकीच्या गावी जाताना अडलं ते माहेरच्या गावी

कॅनडाच्या व्हिसाची सगळे धास्ती घालतात. आमचं घोडं मात्र अडलं ते माझ्या माहेरच्या गावातल्या एका कार्यालयात. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघं ठाण्यात, नौपाड्यात राहतो. लेक, जावई आणि नातू सास्काचेवान प्रांतात, किंडर्सलीच्या बाजूला एका लहानशा गावात. ती तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिला तिथलं कायमचं वास्तव्य मिळालं आहे, म्हणून आम्ही सुपर व्हिसा करायचं ठरवलं. तो तिथल्या नागरिकांच्या आणि कायमच्या रहिवाशांच्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी असतो. एका खेपेला 5 वर्षांपर्यंत राहता येतं. जुलै 2022 च्या आधी ही मुदत 2 वर्षांची होती. निमंत्रणपत्र, खर्चाची हमी, उत्पन्नाचा पुरावा हे तिच्याकडचे कागद तिने धाडले. बोटांचे ठसे आणि कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडची तपासणी पुढे मुंबईत बिनबोभाट झाली. राहिला होता एकच कागद. ती आमचीच मुलगी आहे याचा पुरावा, म्हणजे तिचा जन्मदाखला.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे 1989 ची नोंद घाटावरच्या त्या तालुक्याच्या गावी. नोंद करायला माझे वडील, अण्णा, गेले होते. आईचं नाव विचारल्यावर त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, मंगल. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नाव माधवी लिहिलं होतं, आणि आधार, पासपोर्ट, पेन्शन सगळीकडे मी माधवीच आहे. माझ्या वयाच्या किती बायकांचं असं असेल! अण्णांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या घरात मी मंगलच होते.

घरातला जुना दाखला हाताने लिहिलेला, घडीवर फाटलेला, शिक्का पुसट झालेला. मला त्याची नवी प्रत हवी होती, एवढंच. टेबलावरच्या कारकुनाने माझं आधार पाहिलं आणि म्हणाला, "काकू, नाव जुळत नाही. आधी दुरुस्ती करा, मग दाखला." दुरुस्तीला काय लागतं? तर दवाखान्याचं पत्र. ज्या डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात बाळंतपण झालं त्या जाऊन कित्येक वर्षं झाली, त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. हे सांगितलं तर म्हणे, "मग कोर्टातून आणा." पुढच्या खेपेला खुर्चीवर दुसरेच गृहस्थ. ते म्हणाले, नोंद बरोबर आहे, दुरुस्ती होणारच नाही, पण जुनं रजिस्टर बांधणीला गेलंय. त्याच्या पुढच्या वेळी साहेब मीटिंगला. खोपटहून पहाटेची एसटी धरायची, जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर बसून राहायचं आणि शेवटी "फोन करून या" ऐकून परत फिरायचं. त्या फोनची नुसती घंटी वाजायची, उचलायचं कुणी नाही.

माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत, आणि दाखल्यासाठी आलेल्या एकाही पालकाला असं ताटकळत ठेवलं नाही. म्हणूनच मला जास्त लागलं.

मग मी कायदाच वाचायला घेतला. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969. कलम 15 दुरुस्तीचं. ते चुकीच्या नोंदीसाठी आहे, आणि तिथेही मूळ नोंदीला हात लावत नाहीत; समासात नवी नोंद करून निबंधक सही आणि तारीख घालतो. आमच्या नोंदीत चूकच नव्हती. कलम 17 वाचलं आणि मी ताडकन उठले. नोंद शोधायला लावून तिचा उतारा मागण्याचा हक्क कोणत्याही व्यक्तीला आहे. कोणत्याही! मग आईचं आधार जुळतं की नाही, हा प्रश्न येतोच कुठे?

दुसरा आधार मिळाला तो महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 चा. जन्मदाखला त्यातल्या सेवांमध्ये मोडतो. अर्जाची पोच द्यावी लागते, काम किती दिवसांत होणार ते पोचीवर लिहावं लागतं, मुदत टळली तर अपील करता येतं, आणि पुरेसं कारण नसताना सेवा दिली नाही असं ठरलं तर त्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. मला तोवर एकदाही पोच मिळाली नव्हती, कारण माझा अर्जच कुणी हातात घेतला नव्हता. तोंडी उत्तरांवर मला परत पाठवत होते.

एका पानाचा अर्ज लिहिला. दोन्ही कायद्यांची नावं, कलम, जन्मतारीख, मुलीच्या वडिलांचं नाव. दोन प्रती नेल्या. "दाखला आज नको, पोच आज द्या," एवढंच म्हणाले आणि टेबलासमोरून हलले नाही. आवाज चढवला नाही. शेवटी साहेब बाहेर आले, अर्ज वाचला, माझ्या प्रतीवर शिक्का मारला. बांधणीला गेलेलं रजिस्टर त्यानंतर मुदतीच्या आत सापडलं. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला, आईचं नाव मंगल. हातात घेतला तेव्हा नोकरीची पहिली ऑर्डर मिळाल्यासारखा आनंद झाला.

मंगल आणि माधवी एकच, हे दाखवायला माझ्याकडे राजपत्र होतं. सर्व्हिस बुकसाठी नावबदल जाहीर केला होता, ते पान मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला, माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. ठाण्यात कोर्ट नाक्यावर टायपिंग आणि नोटरी दोन्ही जवळजवळ आहेत. मुलीच्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पानही जोडा, त्यावर आईवडिलांची नावं असतात. आम्ही सोबत सगळा खुलासा करणारं साधं पत्र दिलं. व्हिसाच्या कचेरीने नावाबद्दल एक शब्द विचारला नाही.

विम्याचं सांगते. निदान वर्षभराचा आणि किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. आधीपासूनचा आजार ठरावीक काळ स्थिर असला पाहिजे, अशी अट अनेक पॉलिसींत असते, आणि गोळीचा डोस बदलला तरी आजार अस्थिर धरला जाऊ शकतो. यांची रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली होती, म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घेतलं.

तिकीट काढताना मुलांच्या ड्युटीचा तक्ता समोर ठेवा. मुंबईहून त्या प्रांतातल्या सास्काटून शहराला थेट विमान नाही, आणि तिथून पुढे हायवे 7 वर दोनेकशे किलोमीटर जायचं असतं. प्रांताची सरकारी बससेवा मे 2017 मध्ये बंद झाली, त्यामुळे कुणी न्यायला आलं नाही तर माणूस विमानतळावरच बसतो. प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आणि वस्ती साधारण 12 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात 18 लाख माणसं होती. शेवटचं विमान दिवसाउजेडी उतरेल असं पाहा, रात्री रस्त्यावर हरणं आडवी येतात. जायचं तर मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो.

आम्ही पोचलो तेव्हा मसुराची पेरणी चालू होती. कॅनडाचा बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो आणि त्यातला बराच आपल्याकडे येतो. जांभळी नाक्यावरून आणलेली डाळ मी वर्षानुवर्षं शिजवली, पण ते शेत नातवाचा हात धरून पाहिलं. कागदांपायी एक हंगाम आधीच हुकला होता, तो मला कुणी परत देणार नाही.

आणि हो, भाषांतराचं राहिलंच. राजपत्राचं पान मराठीत होतं. माझी वहिनी इंग्रजी उत्तम जाणते, ती करून द्यायला तयार होती, पण अर्जदाराच्या नातेवाइकाने केलेलं भाषांतर कॅनडाला चालत नाही. भाषांतरकार बाहेरचाच हवा, आणि तो प्रमाणित भाषांतरकार नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, शिवाय मूळ कागदाची साक्षांकित प्रत सोबत जोडावी लागते.