सेउ अण्णा

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, राहायला आम्ही नाशिकला, गंगापूर रोडला. ब्राझीलमधल्या पेत्रोलिनालाही द्राक्षं होतात, साओ फ्रान्सिस्को नदीच्या पाण्यावर, तीही वर्षातून दोनदा. तिथल्या एका बागायतदाराच्या मुलीशी वर्षभर माझं छाटणी-फवारणीचं बोलणं चालू आहे. थोडं इंग्रजी, थोडं माझं नवशिकं पोर्तुगीज.

परवा व्हिडिओ कॉलवर अण्णा शेजारी येऊन बसले. आपल्याकडे दुपारचे साडेचार, तिकडे सकाळचे आठ. मी "हे आमचे अण्णा" म्हटलं तशी ती क्षणभर थांबली. तिकडे 'आना' हे बाईचं नाव. मग हात जोडून म्हणाली, "बों दिया, सेउ अण्णा!"

'सेउ' म्हणजे झिजलेला 'सेन्योर'. बाईमाणसाला 'दोना'. दोन्ही पहिल्या नावाला लागतात, आडनावाची गरजच नाही. आपण वसंतराव, सुशीलाताई म्हणतो तसंच. फक्त आपला मान नावामागून येतो, त्यांचा आधी.

मला खरं नवल वाटतं ते क्रियापदाचं. आपल्याकडे 'तू येतोस', 'तुम्ही येता'. तिकडे बरोबरीच्याला 'व्होसे', वडीलधाऱ्याला 'ओ सेन्योर', पण क्रियापद दोघांना एकच. सगळा आदर त्या एका शब्दात. तो चुकला की सावरून घ्यायला पुढे काही नाही. माझं तेच झालं. तिचे सत्तरीतले वडील समोर आले आणि मी त्यांना सरळ 'व्होसे' म्हणून गेले. ते मायेनं बोलले, पण लेक मात्र त्यांना प्रत्येक वाक्यात 'ओ सेन्योर' म्हणत होती. मला रात्रभर चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी माफी मागितली तर म्हणाली, "तुझं चालतं गं. मी म्हटलं असतं तर आईनं डोळे वटारले असते."

गंमत म्हणजे 'व्होसे' मुळात 'व्होसा मेर्से', म्हणजे 'आपली कृपा'. बड्या लोकांसाठीचं संबोधन झिजत झिजत दोस्तांच्या तोंडी आलं. आपलं 'काय राव!' आठवा. दक्षिणेत, रियो ग्रांदे दो सुलकडे, तर चक्क 'तु' म्हणतात.

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "तिच्या वडिलांना मी काय म्हणायचं?"

"सेउ, आणि पुढे त्यांचं नाव."

त्यांनी फवारणीची वही उघडली, शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'सेउ' लिहिलं आणि मला दाखवलं, "उकार ऱ्हस्वच ना?"