तिसरी ट्यूब

रिपोर्ट आला तेव्हा मी टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशीच्या डिश भरत होते. हातमोजे काढून संगणकापाशी गेले. एका जोडप्याच्या तीन भ्रूणांच्या पेशी जनुकीय तपासणीला पाठवल्या होत्या, त्यांच्या तीन ओळी. पहिलं, एसएस. दुसरं, एसएस. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं : डीएनए आढळला नाही, निष्कर्ष देता येत नाही.

विदर्भात एसएस म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. सिकलसेल. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, तेवढ्यानं हिमोग्लोबिन बिघडतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बिघडलेली प्रत एकाच पालकाकडून आली तर माणूस एएस, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही. दोघांकडून आली तर एसएस. मग हाडं-सांधे दुखण्याचे झटके, रक्त चढवणं, दवाखान्याच्या वाऱ्या. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात एसएसची शक्यता चारात एक. मागच्या खेपेला झालं म्हणून पुढच्या खेपेला सूट मिळत नाही.

हे जोडपं गडचिरोली जिल्ह्यातलं, धानाची शेती करणारं. दोघंही एएस. मोठा मुलगा सहा वर्षांचा, एसएस. त्याच्यानंतर पुन्हा दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात वारेचा तुकडा काढून तपासला होता. तेही एसएस निघालं आणि गर्भपात करावा लागला. "आता पोटात आल्यावर नाही पाहायचं मॅडम, त्याच्या आधीच पाहा," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती. खर्चाची सोय कशी केली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भ्रूणाच्या पाच-सहा पेशींत डीएनए इतका थोडा असतो की जनुकाची एक प्रत तपासणीत हुकू शकते. म्हणून जनुकाच्या आजूबाजूच्या खुणाही वाचतात. आईच्या दोन प्रतींपैकी आणि बापाच्या दोन प्रतींपैकी बिघडलेली कोणती, हे त्या खुणांवरून कळायला घरातल्या आणखी कुणाचं तरी रक्त लागतं. इथे ते मुलाचं घेतलं. सिस्टर शीर शोधत होत्या, तर त्यानं स्वतःच डावा हात पुढे केला आणि कोपराच्या जरा खाली बोट ठेवून म्हणाला, "इथं सापडते." सहा वर्षांचं पोर. त्याच्या रक्तावाचून ही तपासणी उभीच राहिली नसती.

नऊ स्त्रीबीजं मिळाली, पाच फळली, तीन ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पेशी काढून तपासता येतील इतक्या वाढलेल्या भ्रूणापर्यंत पोचली. दोन पाचव्या दिवशी, तिसरं सहाव्या दिवशी संध्याकाळी.

बायॉप्सीचंच लोकांना भय वाटतं, पण माझ्या मते खरं अवघड काम ट्यूबिंगचं. बायॉप्सीत भ्रूण समोर दिसतं. केसाच्या जेमतेम दुप्पट जाडीचा गोळा, आत एका बाजूला बाळ होणाऱ्या पेशींचा पुंजका. त्याला हात लावायचा नाही. बाहेरच्या थरातल्या, पुढे वार होणाऱ्या पेशी पिपेटमध्ये ओढायच्या आणि लेझरनं सोडवून घ्यायच्या. मग ट्यूबिंग. तो इवलासा पुंजका बारीक पिपेटनं उचलून थेंबाथेंबातून धुवायचा आणि ट्यूबच्या तळाशी असलेल्या दोन-अडीच मायक्रोलिटर द्रावात सोडायचा. ट्यूबमध्ये तो दिसत नाही. गेला की नाही हे कळायला एकच मार्ग : तीच पिपेट लगेच एका कोऱ्या थेंबात रिकामी करायची आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तिथे काही नसेल, तर गेला.

मी नोंदीचा कागद काढला. पहिल्या दोन नमुन्यांपुढे 'पिपेट तपासली' या रकान्यात माझी सही होती. तिसऱ्यापुढे रकाना कोरा.

त्या संध्याकाळचं सगळं आठवलं. पेशी जरा विस्कटलेल्या होत्या, धुताना हळूहळू सुटत होत्या. त्या हातून जाऊ नयेत म्हणून घाईनं ट्यूबमध्ये सोडल्या, झाकण लावलं आणि भ्रूण फ्रीज करायला वळले. साक्षीदार म्हणून उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं ट्यूबवरचं नाव आणि नंबर वाचून सही केली होती. आत काय आहे ते त्याला दिसणारच नव्हतं. पेशी बहुतेक पिपेटच्या काचेला चिकटून कचऱ्यात गेल्या.

वरिष्ठ म्हणाले, नमुन्याचा दर्जा कमी होता असं सांगू, असं कुठेही होतं. तेही खरं आहे. पेशी चांगल्या नसल्या तरी रिपोर्ट असाच येतो. पण कोरा रकाना माझ्यासमोर होता. मी म्हटलं, त्यांना मी सांगते.

ती दोघं सकाळच्या एसटीनं आली. समुपदेशक मॅडमनी आधी पहिल्या दोघांचं सांगितलं. तिनं मान खाली घातली. त्यानं विचारलं, "मंग तिसऱ्याचं काय?"

मी सांगितलं. पेशी ट्यूबमध्ये पोचल्या नसाव्यात, माझ्याकडून एक तपासणी करायची राहिली, भ्रूण मात्र टाकीत सुखरूप आहे. ती वर बघून माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे ते आजून खराब नाही निघालं."

तीन वाटा समोर ठेवल्या. न तपासता गर्भाशयात सोडायचं, म्हणजे चारात एक धोका आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच तपासणी. किंवा नव्यानं इंजेक्शनं, नवी बीजं. किंवा हेच भ्रूण वितळवून दुसऱ्यांदा बायॉप्सी करून पुन्हा फ्रीज करायचं. त्यात ते रुजण्याची शक्यता थोडी कमी होते आणि वितळवताना भ्रूण जाऊही शकतं, हे मी दोनदा सांगितलं. दोघं बाहेर गेली. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक आहे, त्याच्याखालच्या बाकावर बसून बोलत होती. परत आली ती ठरवून : पुन्हा तपासा.

दुसरी बायॉप्सी मीच करावी का, यावर लॅबमध्ये बोलणं झालं. शेवटी मीच केली. वितळवल्यावर भ्रूण सुकलेल्या मनुक्यासारखं आकसलेलं होतं. दोन तासांत भरून आलं. सहा पेशी घेतल्या. ट्यूबमध्ये सोडल्या, पिपेट कोऱ्या थेंबात रिकामी केली, पाहिली, सहकाऱ्याला पाहायला लावली. थेंबात काहीच नव्हतं. तेव्हा कुठे सही केली. आता आमच्या लॅबमध्ये त्या रकान्यात दोन सह्या लागतात, आणि त्या झाल्याशिवाय ट्यूबला झाकण लागत नाही.

सतराव्या दिवशी रिपोर्ट आला. एएस. मुलगा की मुलगी ते रिपोर्टात नसतंच; गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीनं गर्भधारणेआधीची लिंगनिवडही बंद केली, आणि ते योग्यच झालं.

फोन मी लावला, स्पीकरवर दोघं होती. एएस म्हटल्यावर बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे माह्यासारखं."

"आन् माह्यासारखंबी," मागून तो.

भ्रूण कधी सोडायचं ते मी विचारलं. तो म्हणाला, धान कापून झालं की येतो, तोवर ते राहीन ना थंडीत? उणे १९६ अंशांत आहे, भाऊ, राहील, म्हटलं. आणि वहीत दिवाळीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यापुढे पेन्सिलीनं त्यांचा नंबर लिहिला.