अपघात झालेली एमएक्स-५ घेताना काय तपासावे

इंग्लंडमध्ये जुनी स्पोर्ट्‌स कार शोधायला लागले की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. एकाच वर्षाच्या आणि साधारण सारख्याच चाललेल्या दोन गाड्यांच्या किमतींत बरीच तफावत असते, आणि स्वस्त असलेल्या गाडीच्या जाहिरातीत शेवटच्या ओळीत ‘कॅट एस’ किंवा ‘कॅट एन’ (कॅट म्हणजे कॅटेगरी, वर्ग) असे लिहिलेले असते. म्हणजे त्या गाडीला पूर्वी अपघात झाला होता आणि विमा कंपनीने दुरुस्त करून देण्याऐवजी मालकाला भरपाई देऊन ती निकालात काढली होती. मी घेतलेली माझदा एमएक्स-५ ही उघड्या छपराची छोटी स्पोर्ट्‌स कार अशीच, कॅट एन शेरा असलेली आहे. घेण्याआधी सांगलीच्या मामांपासून इथल्या मित्रांपर्यंत सर्वांनी ‘ठोकलेली गाडी घेऊ नकोस’ असेच सांगितले होते, आणि त्या सल्ल्यात तथ्य आहे. पण इतक्या गाड्या पाहिल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की अपघात झाला होता का, यापेक्षा दुरुस्ती कोणी केली, कशी केली आणि तिचा पुरावा काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पुरावा नसेल तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडून द्यावी.

ही वर्गवारी नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. १ ऑक्टोबर २०१७ पासून ब्रिटनमध्ये ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ए म्हणजे संपूर्ण गाडी मोडीत; बी म्हणजे सांगाडा मोडीत, पण सुटे भाग वापरता येतात; एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, तरी दुरुस्त करण्यासारखी; आणि एन म्हणजे सांगाड्याला इजा न झालेली. यातला एन हा वर्ग ऐकायला निरुपद्रवी वाटतो, परंतु ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग किंवा वायरिंग यांचे नुकसानही त्यात मोडू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा वर्ग केवळ अपघातानंतरच्या नुकसानीविषयी बोलतो, पुढे झालेल्या दुरुस्तीविषयी काहीच सांगत नाही. एस वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना त्या दुरुस्तीची वेगळी सरकारी तपासणी सक्तीची नाही. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणारी वार्षिक एमओटी चाचणी व्हावी लागते, पण त्या चाचणीत कोणी गालिचे उचलून वेल्डिंग पाहत नाही.

मग सांगाडा शाबूत असलेली, चांगली चालणारी गाडी विमा कंपनी निकालात का काढते? याचे उत्तर हिशेबात आहे. दुरुस्तीचा खर्च, गाडी ठेवण्याचे भाडे आणि मालकाला तोवर द्यावी लागणारी बदली गाडी यांची बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाऊ लागली, की भरपाई देऊन मोकळे होणे कंपनीला परवडते. सध्याच्या चौथ्या पिढीच्या एमएक्स-५च्या बाबतीत एक खास कारण आहे. युरोपात विकल्या गेलेल्या या गाड्यांत पादचाऱ्याच्या डोक्याला होणारी इजा कमी व्हावी म्हणून धडक बसताच बॉनेटची मागची कड झटकन वर उचलणारी यंत्रणा असते. पुढच्या बंपरमधल्या सेन्सरला धडक जाणवली की छोटे स्फोटक दट्ट्ये उडतात. ते एकदाच वापरता येतात, आणि त्यांच्याबरोबर बिजागऱ्या, सेन्सर आणि पुष्कळदा बॉनेटही बदलावे लागते. काही वर्षे जुन्या गाडीच्या बाबतीत एवढा खर्च तिला एन वर्गात ढकलायला पुरेसा ठरू शकतो. मी घेतलेल्या गाडीचे हेच झाले होते. रस्त्यात आडव्या आलेल्या हरणाला ती धडकली होती. बंपर, एक दिवा आणि ही बॉनेटची यंत्रणा, एवढेच नुकसान होते.

एस वर्गातल्या उघड्या गाडीकडे मात्र मी फार सावधपणे पाहतो. बंद गाडीत छप्पर आणि त्याचे खांब सांगाड्याला ताठपणा देतात; एमएक्स-५सारख्या कापडी छपराच्या गाडीत ते काम दारांखालचे उंबरे आणि तळाशी दोन सीटांमधून जाणारा बोगदा यांनाच करावे लागते. तिथे किंवा पुढच्या-मागच्या लांब तुळयांना पीळ बसला आणि तो यंत्रावर मोजून काढला नाही, तर गाडी सरळ रस्त्यावर ठीक वाटते, पण वळणावर तिचा तोल जातो. स्पोर्ट्‌स कार वळणांसाठीच घ्यायची असते, म्हणून या दोषाकडे काणाडोळा करणे परवडत नाही.

मी पाहिलेली एक एस वर्गातली चंदेरी गाडी दुरून नवीकोरी दिसत होती. डाव्या दाराच्या वरच्या बाजूची फट खालच्या बाजूपेक्षा अरुंद होती आणि दार लावताना किंचित उचलून धरावे लागत होते. डिकीतला गालिचा उचलल्यावर एका बाजूच्या सांध्यावर कारखान्यातले गुळगुळीत, एकसारखे सीलंट दिसले आणि दुसऱ्या बाजूला ब्रशने थापलेले, ओबडधोबड, वेगळ्या छटेचे. त्यानंतर मी मागच्या चाकांशेजारी वाकून अलाइनमेंट जुळवण्याचे बोल्ट पाहिले. या गाडीत चाकांचा कल आणि दिशा जुळवण्यासाठी मध्य एका बाजूला सरकलेले, फिरवले की चाकाची बैठक हलवणारे बोल्ट असतात आणि त्यांच्या वॉशरवर खुणा असतात. उजव्या बाजूच्या खुणा मध्याच्या आसपास होत्या, तर डाव्या बाजूचा बोल्ट पार टोकापर्यंत फिरवलेला होता. याचा अर्थ चाके जुळलेली दिसावीत म्हणून सगळी कसर बोल्टवर काढली होती. ज्या ठिकाणी ते चाक बसते ती जागाच मुळात सरकलेली असण्याची शक्यता होती. विक्रेत्याकडे दुरुस्तीआधीचे एकही छायाचित्र नव्हते आणि अलाइनमेंटचा कागदही नव्हता. मी तिथेच नकार दिला.

रंगाच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. पोचे भरण्यासाठी रंगाखाली लावलेली पुट्टी शोधण्यासाठी लोहचुंबक फिरवायची जुनी रीत या गाडीवर अर्धवटच चालते, कारण चौथ्या पिढीच्या एमएक्स-५चे बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे आहे. तिथे चुंबक चिकटत नाही, पुट्टी असो वा नसो. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र फार महाग नसते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. त्याच्या दुप्पट आकडा आला तर पुन्हा रंग मारला आहे असे समजावे, आणि तो हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे हे जवळजवळ नक्की.

यंत्र नसेल तर डोळेही पुष्कळ काम करतात. मामांची आयुष्यभर गॅरेजवर हयात गेली आहे. मी व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवायला लागलो तेव्हा रंगाची चमक त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. “आधी बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट दाखव,” म्हणाले. बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला होता, म्हणजे पाना लागलेला होता. पण बॉनेट बदलले होते, त्यामुळे ते अपेक्षितच होते. मग त्यांनी पुढच्या तुळयांची टोके, रेडिएटरच्या वरची पट्टी आणि स्पॉट वेल्डिंगचे ठिपके जवळून दाखवायला लावले. ठिपके सर्वत्र सारख्या अंतरावर आणि अस्पर्श होते. “आत मार गेलेला नाही रे,” हे त्यांचे वाक्य मला कुठल्याही प्रमाणपत्राइतके मोलाचे वाटले.

एअरबॅगची तपासणी कोणीही टाळू नये. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कोणीतरी बल्ब काढला आहे किंवा जोडणीत फेरफार केला आहे असा संशय घ्यावा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या पट्टीवर छापलेली तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का ते पाहावे, आणि एअरबॅगचे बिघाड-कोडही वाचू शकणारा स्कॅनर जोडावा. साधा, फक्त इंजिनाचे कोड वाचणारा स्कॅनर इथे उपयोगाचा नाही.

कागदपत्रांत एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि दरवर्षीचे मैल त्यात दिसतात. मात्र गाडीची पहिली एमओटी तिसऱ्या वर्षी होते, त्यामुळे त्याआधीच्या अपघाताचा तिथे मागमूस नसतो. पैसे भरून मिळणाऱ्या इतिहास-अहवालात वर्ग, तारीख आणि थकलेले कर्ज कळते. त्यापलीकडे एक उपाय फार उपयोगी पडतो. गाडीचा नोंदणी क्रमांक इंटरनेटवर शोधला, तर भंगार-लिलावातली तिची मोडक्या अवस्थेतली छायाचित्रे अनेकदा सापडतात. माझ्या गाडीची सापडली, आणि मालकाने फाइलमध्ये ठेवलेल्या छायाचित्रांशी ती तंतोतंत जुळली. त्या फाइलमध्ये दट्ट्यांची आणि बॉनेटची बिले होती, चार चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद होता आणि रंगकाम करणाऱ्या गॅरेजचा पत्ता होता. मी त्या गॅरेजला जाऊन बोललो.

विम्याचे आधी विचारून घ्यावे. काही कंपन्या एस वर्गातली गाडी घेतच नाहीत, आणि ज्या घेतात त्याही नुकसान झाल्यास भरपाई ठरवताना हा शेरा धरूनच किंमत लावतात. हा शेरा कधीच पुसला जात नाही, त्यामुळे विकतानाही भाव कमी मिळणार, हे धरून घासाघीस करावी. खासगी मालकाकडून घेताना कायद्याचे संरक्षण फारच मर्यादित असते. व्यापाऱ्याकडून घेतल्यास २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. मी खासगी मालकाकडून घेतली. त्यामुळे पैसे देण्याआधी गाडी माझ्या खर्चाने एका स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर चढवण्याची अट घातली, आणि मालकाने ती लगेच मान्य केली.